हजचे जहाज, समुद्री चाचे आणि आपला कायदा

जुम्याच्या दिवशी सूरह कहफ वाचण्याचा रिवाज आपल्या पुष्कळ घरांत आहे. त्यात हजरत मूसा (अलै.) आणि हजरत खिज्र यांच्या प्रवासाचा किस्सा येतो. समुद्रावर मेहनत करून पोट भरणाऱ्या काही गरिबांची एक नाव होती. खिज्र यांनी तिला भोक पाडले. मूसा (अलै.) यांना ते पटले नाही. मग खुलासा मिळतो की पुढे एक राजा होता आणि तो दिसेल ती चांगली नाव जबरदस्तीने बळकावत असे. नावेत ऐब असला तर ती गरिबांकडेच राहील, म्हणून ते केले.

वर्गात हा किस्सा सांगितला की एखादे तरी मूल विचारते, ‘‘सर, राजाच लुटत असेल तर तक्रार कुणाकडे करायची?’’ प्रश्न लहान तोंडचा असला तरी मोठमोठ्या कायदेपंडितांनी तीनशे-चारशे वर्षे त्यावर डोके घातले आहे. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. मग तिथे झालेल्या लुटीचा न्याय कोणी करायचा? या महिन्यात आम्ही वाचकांशी त्याबद्दल बोलणार आहोत.

आधी शब्दाचे पाहू. मराठीत समुद्री लुटारूला चाचा म्हणतात. आपल्या घरांत चाचा म्हणजे अब्बांचा भाऊ. त्यामुळे इतिहासाच्या तासाला ‘चाच्यांचा बंदोबस्त’ असे वाक्य आले की मुले एकमेकांकडे बघून खुदखुदतात. उर्दूत बहरी कज्जाक म्हणतात. ते म्हटले की कोणी हसत नाही.

बारामती-इंदापूरच्या माणसाला या सगळ्याचे काय, असे वाटणे साहजिक आहे. आमच्याकडे बोट म्हणजे उजनीच्या फुगवट्यावरची मासेमाराची होडी, नाहीतर भीमेच्या पात्रात चोरून वाळू उपसणारी बोट, जी महसूल खात्याचे पथक अधूनमधून जिलेटिन लावून उडवते. तरीही समुद्रावरच्या लुटीची झळ आपल्या शिवारापर्यंत येते. २०२३ च्या नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज माणसांसकट पळवले गेले आणि त्यानंतर तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले. बहुतेक कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्या हंगामात न्हावा-शेव्याहून युरोपला निघालेली द्राक्षे दहा-पंधरा दिवस उशिरा पोचू लागली आणि जहाजाचे भाडे चढले. इंदापूर तालुक्यात ज्यांच्या बागा निर्यातीसाठी आहेत, त्यांना तांबडा समुद्र कुठे आहे हे नकाशावर दाखवावे लागले नाही.

दुसरे नाते याहून जुने आहे. आपल्यात अजून अशी माणसे आहेत, ज्यांचे आई-वडील मुंबईहून जहाजाने हजला गेले. १९९५ पर्यंत ही जहाजे जात होती. त्याच्या बरोबर तीनशे वर्षे आधी, १६९५ च्या सप्टेंबरात, हजहून परतणारे एक जहाज सुरतेच्या वाटेवर लुटले गेले. त्याचे नाव गंज-ए-सवाई.

बारामतीची कऱ्हा नीरेला मिळते, नीरा आपल्याच तालुक्यातल्या नरसिंगपूरला भीमेला मिळते आणि ते पाणी पंढरपूरवरून पुढे मंगळवेढ्याजवळच्या माचणूरला जाते. माचणूरपाशी ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे औरंगजेब बादशहाची छावणी होती. बादशहाने त्या जागेचे नाव इस्लामपुरी ठेवले होते. म्हणजे ते जहाज लुटले गेले तेव्हा हिंदुस्थानचा बादशहा आग्र्याला किंवा दिल्लीला नव्हता, आपल्या भीमेच्या काठी तंबूत बसला होता. दख्खनचा मुलूख जिंकायला मोठे लष्कर होते, पण अरबी समुद्रावर त्याचे स्वतःचेच जहाज एका इंग्लिश चाच्याने धरले. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट नाही. असायला हवी, असे आम्हाला वाटते.

त्या चाच्याचे नाव हेन्री एव्हरी. मूळचा खलाशी. त्याने १६९४ मध्ये एका इंग्लिश जहाजावर बंड करून तेच पळवले आणि तांबड्या समुद्राच्या तोंडाशी हाजींच्या जहाजांची वाट पाहत बसला. आधी सुरतेचे मोठे व्यापारी अब्दुल गफूर यांचे ‘फतेह मुहम्मद’ लुटले, मग गंज-ए-सवाई गाठले. बादशाही जहाजावर तोफा होत्या, बंदुका होत्या, शेकडो माणसे होती. पण लढाईच्या सुरुवातीलाच जहाजावरची एक तोफ फुटली आणि आपलीच माणसे मेली. कप्तान इब्राहिम खानाने हिंमत दाखवली नाही, असे त्या काळचा इतिहासकार खाफी खान लिहितो. चाचे कित्येक दिवस त्या जहाजावर होते. हजहून परतणाऱ्या स्त्रियांवर अत्याचार झाले. काहींनी अब्रू वाचवण्यासाठी समुद्रात उड्या घेतल्या. लूट बावन्न लाख रुपयांची होती, असा खाफी खानाचा आकडा आहे.

बादशहा संतापला. सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना बेड्या पडल्या, वखारीवर पहारे बसले. शेवटी हाजींच्या आणि व्यापाऱ्यांच्या जहाजांना सोबत देण्याची जबाबदारी युरोपीय कंपन्यांनी पत्करली, तेव्हा प्रकरण निवले.

आमच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. एव्हरी कधीच सापडला नाही. त्याचे सहा साथीदार पकडले गेले आणि १६९६ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात त्यांच्यावर गंज-ए-सवाईच्या लुटीचा खटला चालला. ज्यूरीने सहाही जणांना निर्दोष ठरवले! सरकारची नाचक्की झाली, कंपनीचा व्यापार धोक्यात आला. मग त्याच महिन्यात त्यांना पुन्हा उभे केले, पण या वेळी आरोप होता एव्हरीने बंड करून जे इंग्लिश जहाज पळवले त्याचा. त्यात ते दोषी ठरले आणि पाच जण फासावर गेले. हाजींना लुटल्याबद्दल ज्यूरीने सोडलेली माणसे इंग्लिश मालकाचे जहाज चोरल्याबद्दल लटकली. आरोपी तेच, कोर्ट तेच. पीडित बदलला आणि निकाल बदलला.

हे वाचून आपल्याला राग येतो. पण गुन्हेगार हातात असून कायदा तोकडा पडण्याचा प्रसंग आपल्या मुंबईतही आला. १९९९ च्या ऑक्टोबरात इंडोनेशियातून ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकाचे नवे कोरे जहाज ॲल्युमिनियम भरून निघाले आणि चाच्यांनी ते पळवले. सतरा खलाशांना एका रबरी तराफ्यावर सोडून दिले. दहा दिवस ते समुद्रावर तरंगत होते, मग थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवले. चाच्यांनी जहाजाला नवा रंग दिला, ‘मेगा रामा’ असे नवे नाव लिहिले आणि ते अरबी समुद्रात आले. आपल्या तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने त्याचा माग काढला आणि नौदलाच्या ‘प्रहार’ या नौकेने १६ नोव्हेंबरला त्याला थांबवले. पकडले जाणार असे दिसताच चाच्यांनी जहाज बुडवण्याचाही प्रयत्न केला. आरोपींना मुंबईत आणले. साऱ्या जगात वाहवा झाली.

आता गुन्हा नोंदवायचा कोणत्या कलमाखाली? भारतीय दंड संहितेत दरोडा होता, चोरी होती, बनावट कागद होते, पण चाचेगिरी नावाचा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. आरोपी इंडोनेशियाचे, जहाज जपानी मालकाचे, खलाशी बहुतेक फिलिपिन्सचे, गुन्हा दुसऱ्याच समुद्रात. उरलीसुरली मदार इंग्रजांच्या काळातल्या जुन्या कायद्यांवर. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने सात वर्षांची सजा दिली आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना सोडून दिले.

वास्तविक आंतरराष्ट्रीय कायद्यात उत्तर होते. संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी करार सांगतो की किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर, हे त्या देशाचे पाणी. खुल्या समुद्रावर मात्र चाच्याला कोणताही देश पकडू शकतो आणि आपल्या कोर्टात त्याचा न्याय करू शकतो, मग जहाज कुणाचे का असेना. भारताने १९९५ मध्ये हा करार मंजूर केला. पण करारावर सही केली म्हणून ठाण्यातल्या फौजदाराला कलम मिळत नाही. त्यासाठी संसदेने कायदा करावा लागतो, आणि तो व्हायला पुढची सत्तावीस वर्षे गेली.

या मधल्या काळात सोमालियाचे चाचे आले. तिथले सरकार १९९१ मध्ये कोसळले होते. परदेशी ट्रॉलर येऊन मासे ओरबाडून नेऊ लागले, त्यातून कोळ्यांनी बंदुका उचलल्या, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. सोमाली माणसे आपले दीनी भाऊ आहेत, म्हणून आपल्यापैकी काहींना त्यांच्याबद्दल हळहळही वाटते. आम्हालाही वाटते. पण लुटले कोण गेले ते पाहा. २०११ च्या जानेवारी ते मार्च या काळात आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने लक्षद्वीपच्या बाजूला चार कारवायांत १२० चाचे पकडले. त्यांनी पळवलेल्या बोटी होत्या ‘प्रांतले’, ‘वेगा’ अशा मासेमारीच्या, आणि त्यांवर ओलीस होते थायलंड-म्यानमारकडचे मजूर कोळी. सूरह कहफमधल्या नावेवरची माणसे तीच. उपाशी माणसाने दुसऱ्या उपाशी माणसाची नाव बळकावली, तर त्याला आम्ही बंड म्हणणार नाही.

दीनची शिकवणही इथे संदिग्ध नाही. वाट अडवून लुटणाऱ्यांसाठी सूरह माइदामध्ये फार कडक सजा आहे, आणि पकडले जाण्याआधी तौबा करणाऱ्याला सवलतही आहे. फुकहांनी गुन्ह्याच्या पायऱ्या पाडल्या, फक्त धमकावले की माल नेला की जीव घेतला, आणि त्याप्रमाणे सजा कमी-जास्त ठेवली. वाटमारीचे हे नियम वाट जमिनीची की पाण्याची हे विचारत बसत नाहीत.

त्या १२० जणांना पकडल्याची किंमत कोणी मोजली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज २०१० च्या सप्टेंबरात पळवले गेले होते. त्यावर पंधरा खलाशी, सगळे भारतीय. २०११ च्या एप्रिलमध्ये खंडणी पोचली, जहाज सुटले, आठ जण सुटले. सात जणांना चाच्यांनी ठेवून घेतले. तुमच्या तुरुंगात आमची माणसे आहेत ती सोडा, मग ही सोडू. ते सात जण घरी यायला २०१४ चा ऑक्टोबर संपत आला. चार वर्षे! त्यांच्या घरच्यांनी त्या काळात किती दारे झिजवली असतील, याचा विचार आम्हाला वृत्तपत्रातली ती छोटी बातमी वाचताना सुचला होता. आणि इकडे मुंबईत खटला रेंगाळत होता. पंधरा चाच्यांच्या पहिल्या गटाला २०१७ मध्ये सात वर्षांची सजा झाली. तोवर ते सहा वर्षांहून जास्त काळ कोठडीत काढून बसले होते. खुनाचा प्रयत्न, अपहरण अशी कलमे जुळवून सरकारी पक्षाने खटला उभा केला, कारण चाचेगिरीचे कलम तेव्हाही नव्हते.

अखेर २०२२ च्या डिसेंबरात संसदेने सागरी चाचेगिरी प्रतिबंधक कायदा मंजूर केला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तो लागू झाला. आता खुल्या समुद्रावर केलेली चाचेगिरी हा भारतात स्वतंत्र गुन्हा आहे. सजा जन्मठेपेपर्यंत. जीव घेतला किंवा घेण्याचा प्रयत्न केला तर फाशीही. नुसता प्रयत्न किंवा मदत असेल तर दहा वर्षांपर्यंत. ठरावीक सत्र न्यायालयांना या खटल्यांचे अधिकार देता येतात. फाशीच्या तरतुदीवर संसदेत बरीच चर्चा झाली, कारण ज्या देशांत फाशी नाही ते आरोपी सोपवायला तयार होत नाहीत.

कायद्याची परीक्षा लवकरच झाली. ‘रुएन’ हे माल्टाचा झेंडा असलेले जहाज २०२३ च्या डिसेंबरात पळवले गेले होते. तीन महिन्यांनी चाचे तेच जहाज घेऊन दुसऱ्यांना लुटायला निघाले. भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर ‘आयएनएस कोलकाता’ने त्याला अडवले, हवाई दलाच्या विमानातून मरीन कमांडो समुद्रात उतरवले गेले, आणि चाळीस तासांनी, १६ मार्च २०२४ ला, ३५ चाच्यांनी हात वर केले. सतरा खलाशी सुखरूप. २३ मार्चला आरोपी मुंबई पोलिसांच्या ताब्यात आले ते या नव्या कायद्याखाली. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या ‘सुमित्रा’ या नौकेने एका इराणी बोटीवरच्या १९ पाकिस्तानी कोळ्यांना सोडवले होते. या बातमीला टीव्हीवर फार वेळ मिळाला नाही.

इथपर्यंत सगळे चांगले. पण या कायद्यातले एक कलम आम्हाला खटकते. आरोपीकडे शस्त्रे सापडली आणि ती गुन्ह्यासाठी होती असे मानायला जागा असेल, तर कोर्टाने तो गुन्हेगार आहे असे गृहीत धरावे. नाही हे त्याने सिद्ध करावे. खुल्या समुद्रावर साक्षीदार मिळणे कठीण, म्हणून हे केले, हे समजते. तरी समुद्रावर गैरसमज किती सहज होतो, याचा दाखला केरळचा आहे. १५ फेब्रुवारी २०१२ ला ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरच्या सैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या. समोर होती साधी मासेमारीची होडी. दोन कोळी जागीच गेले. भारत आणि इटली आठ वर्षे भांडले. आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये खटला चालवण्याचा हक्क इटलीकडे ठेवला आणि भरपाई भारताला द्यायला सांगितली. दहा कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथले प्रकरण बंद केले. ज्याच्या नावेत जाळे होते, तो चाचा ठरून मेला होता.

विमानाच्या अपहरणाचेही असेच आहे. २४ डिसेंबर १९९९ चे कंदहार प्रकरण सर्वांना आठवते. त्या वेळचा कायदा १९८२ चा होता. तो बदलून २०१६ मध्ये नवा, अधिक कडक कायदा आला. नुसती खोटी धमकी दिली तरी अपहरणाचा गुन्हा होऊ शकतो, आणि सजा कमीत कमी जन्मठेप, तीही मरेपर्यंत. ३० ऑक्टोबर २०१७ ला मुंबईहून दिल्लीला निघालेल्या विमानाच्या शौचालयात एक चिठ्ठी सापडली. विमान पाकव्याप्त काश्मीरला न्या, अपहरणकर्ते विमानात आहेत, असा मजकूर. इंग्रजीत, आणि सोबत उर्दूत! विमान अहमदाबादला उतरवले. त्या दिवशी उर्दू शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा आला, हे कबूल करायला हरकत नाही. चिठ्ठीतली लिपी दिसली की लोक लिहिणाऱ्याचे घराणे ठरवून मोकळे होतात. अटक झाली ती मुंबईच्या एका सराफाची, आणि कारण निव्वळ खासगी असल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप आणि पाच कोटींचा दंड केला. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पुरावा अपुरा ठरवून त्याला निर्दोष सोडले.

त्याचा धर्म कोणता, याच्याशी आम्हाला देणेघेणे नाही. सजा जितकी मोठी, तितका पुरावा पक्का लागतो, हे उच्च न्यायालयाने त्याच्याबाबत पाळले. उद्या दुसऱ्या कुणाबाबतही पाळले जावे. मुंबईच्या कोर्टात उभ्या असलेल्या सोमाली आरोपीलाही दुभाषा मिळावा, वकील मिळावा आणि निकाल सहा वर्षांनी नव्हे तर वेळेत मिळावा. ओल्ड बेलीच्या ज्यूरीसारखे आपल्याला वागायचे नाही.

आता घरातली गोष्ट. दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे दोन-तीन पालक तरी विचारायला येतात, मुलाला मर्चंट नेव्हीत घालू का? एजंट म्हणतो, अमुक लाख भरा, जहाजावर लावतो. चाच्यांच्या भीतीने मुलाला अडवू नका. पण एजंटचे आधी तपासा. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीला जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. प्रशिक्षणाची फी वेगळी, नोकरीचे पैसे वेगळे. एजंट मुद्दाम दोन्ही एकत्र बोलतो.

आणखी एक बाब खलाशांनाही अनेकदा माहीत नसते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२० च्या डिसेंबरात ती लागू झाली. जहाज चाच्यांनी पळवले तर खलाशी ओलीस असेपर्यंत त्याचा पगार चालू राहतो, कराराची मुदत मध्येच संपली तरीही, आणि तो घरी पाठवत असलेली रक्कमही. करारनाम्यात हे कलम आहे का ते सही करण्याआधी बघा. करारनामा, पासपोर्ट आणि खलाशाच्या नोंदपुस्तकाची एक-एक प्रत अम्मीकडे किंवा बायकोकडे कपाटात राहू द्या. करार इंग्रजीत असतो, बारीक अक्षरात. वाचायला अडचण वाटली तर आमच्याकडे घेऊन या. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी बसून वाचून देऊ.